महादेवाचे डोंगर : एका आश्रयस्थानाचा इतिहास

सह्याद्रीच्या दगडावर ज्याची दृष्टी घडली आहे, त्याला सातपुड्यातील महादेवाचे डोंगर प्रथमदर्शनी परके वाटतात. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा. त्याचे थर एकावर एक रचलेले, माथे सपाट, कडे तासलेले. त्यावर किल्ला बांधावा अशीच जणू निसर्गाची योजना. याच्या उलट पचमढीभोवतालचा मुलूख वालुकाश्माचा आहे. हा दगड पाण्याने थरथराने तुटत नाही, कणाकणाने झिजतो. त्यामुळे त्याच्या माथ्यांना धार राहत नाही, गोलाई येते. आणि ज्या भेगेत पाणी शिरते तेथे मात्र शेकडो फुटांची अरुंद दरी पडते. वर घुमट आणि खाली विवर, अशी ही दुहेरी रचना आहे. चौरागडाचे गोलसर शिखर दुरून एखाद्या प्रचंड देवालयाच्या कळसासारखे भासते, परंतु त्याच्या पायथ्याशी जाऊ लागावे तर मध्ये दऱ्यांचे एक जाळेच आडवे येते.

या प्रदेशाच्या भूगोलाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा इतिहास त्यातूनच निघाला आहे. पचमढीचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंच आहे. त्याच्या दक्षिण बाजूस महादेव, चौरागड आणि धूपगड ही तीन शिखरे उभी आहेत. त्यांपैकी धूपगड सुमारे १३५० मीटर उंचीचा असून सातपुड्यातील सर्वांत उंच शिखर तोच होय. देनवा नदी या डोंगराला वळसा घालून तवेस मिळते आणि तवा नर्मदेस. भूशास्त्रज्ञ हा खडक गोंडवन श्रेणीतला मानतात. त्याचे वय वीस कोटी वर्षांहून अधिक, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या तिपटीहून जास्त. ज्या 'गोंडवन' शब्दाने आज आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका यांना जोडणाऱ्या प्राचीन महाखंडाची ओळख दिली जाते, तो शब्द गोंडांच्या याच मुलखावरून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रात गेला. ज्यांच्या नावाने पृथ्वीचा एक कालखंड ओळखला जातो, त्या लोकांचे नाव हिंदुस्थानच्या राजकीय इतिहासात मात्र तळटिपांतच आढळावे, हा विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे.

येथे एका नामसादृश्याचा उलगडा करून ठेवणे बरे. इतिहासाच्या ग्रंथांत चौरागड नावाचा जो प्रसिद्ध किल्ला येतो, जो राणी दुर्गावतीच्या मृत्यूनंतर १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान याने लुटला, तो हा नव्हे. तो गढा-मंडल्याच्या राज्यातला किल्ला नरसिंहपूरच्या बाजूस, गाडरवाड्यानजीक आहे. आमचा चौरागड हा किल्ला नसून देवस्थान आहे. तेथे तोफा नाहीत, त्रिशूळ आहेत. आणि ते हजारोंनी आहेत.

हे त्रिशूळ वाहणारे कोण, या प्रश्नापाशी मराठी माणसाचा या डोंगराशी असलेला संबंध सुरू होतो. महाशिवरात्रीच्या यात्रेस आणि श्रावणातील नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या यात्रेस विदर्भातून लोकांची रीघ लागते. नागपूर, अमरावती, वर्धा या बाजूंची कुणबी, माळी, तेली कुटुंबे नवस फेडण्यासाठी लोखंडी त्रिशूळ खांद्यावर घेऊन तेराशेच्या वर पायऱ्या चढून जातात. कित्येक त्रिशूळ एकट्या माणसाला न पेलणारे असतात. छिंदवाड्यावरून जाणाऱ्या जुन्या वाटेवर जुन्नारदेव येथे जे स्थान लागते त्याला 'पहिली पायरी' म्हणतात. हिंदी मुलखात शतकानुशतके उभ्या असलेल्या एका देवस्थानाच्या उंबरठ्याला मराठी शब्द चिकटून राहावा, यावरून ही वाट कोणाच्या पायांनी रुळली हे सहज समजते. भस्मासुराच्या भयाने शंकर ज्या गुहांमधून लपत गेला त्या याच, अशी लोकांची श्रद्धा आहे. देवालाही ज्या डोंगरात आश्रयाला यावे लागले तो हा डोंगर, असे ती कथा सांगते. कथेचा अर्थ कोणी कसाही लावो; या डोंगराचा स्वभाव तिने अचूक ओळखला आहे.

कारण जे पुराणात घडले तेच १८१८ मध्ये इतिहासात घडले.

नागपूरकर दुसरे रघूजी भोसले मार्च १८१६ मध्ये वारले. त्यांचा पुत्र परसोजी शरीराने व बुद्धीने दुर्बळ होता. त्याचा चुलतभाऊ मुधोजी, ज्याला इतिहास अप्पासाहेब या नावाने ओळखतो, त्याने कारभार हाती घेतला आणि मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी बिछान्यात मृत आढळला. अप्पासाहेब त्या वेळी चांद्यास होते. परंतु या मृत्यूची छाया त्यांच्यावर पडली ती कायमची. पुढे पेशवा बाजीराव उघडपणे इंग्रजांविरुद्ध उठताच अप्पासाहेबांचीही भूमिका बदलली. २४ नोव्हेंबर १८१७ रोजी त्यांनी पेशव्याकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे दरबार भरवून स्वीकारली, आणि २६ व २७ नोव्हेंबर रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. तीत मराठ्यांना यश आले नाही. डिसेंबरात नागपूरही पडले. जानेवारी १८१८ मध्ये नवा तह होऊन अप्पासाहेब नावापुरते गादीवर राहिले. मार्चमध्ये रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने त्यांना कैद केले आणि अलाहाबादेकडे रवाना केले.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांना अप्पासाहेबांविषयी फारसा आदर वाटणार नाही, आणि तो वाटावा असा आमचाही आग्रह नाही. तह करावा तर तो पाळण्याचे मन नाही, लढावे तर शेवटपर्यंत लढण्याचे धैर्य नाही, अशा दोलायमान वृत्तीचा हा पुरुष होता. परसोजीच्या मृत्यूचा ठपका त्यांच्या चरित्रावरून पुसता येत नाही. परंतु १३ मे १८१८ च्या पहाटेपासून ही कथा केवळ अप्पासाहेबांची राहत नाही.

त्या रात्री जबलपूरच्या वाटेवर रायचूर या गावी मुक्काम होता. पहाऱ्यातील काही शिपाई फितूर झाले होते. अप्पासाहेब शिपायाच्या वेषात छावणीबाहेर पडले आणि थेट महादेवाच्या डोंगरात शिरले. तेथे पचमढीचा कोरकू ठाकूर मोहनसिंग आणि हर्रईचा गोंड सरदार चैनशहा यांनी त्यांना आसरा दिला. इंग्रजांनी अप्पासाहेबांना पकडून देणारास लाखाच्या घरातील बक्षीस आणि वर जहागीर जाहीर केली. ज्या लोकांच्या घरी वर्षातले काही महिने मोहाची फुले आणि कंदमुळे यांवर गुजराण होत असे, त्यांच्यापुढे ठेवलेले हे आमिष होते. मे १८१८ पासून पुढील वर्षाच्या फेब्रुवारीपर्यंत, सुमारे नऊ महिने, अप्पासाहेब या डोंगरात होते. बक्षीस कोणी मागितले नाही.

या नऊ महिन्यांत आश्रयाचे रूपांतर युद्धात झाले. विखुरलेले अरब शिपाई, नागपूरच्या फौजेतून सुटलेले स्वार, आणि पेंढाऱ्यांचा नायक चितू असे नाना प्रकारचे लोक डोंगरात जमले. २० जुलै १८१८ रोजी बैतूलच्या बाजूस कॅप्टन स्पार्क्स याच्या सुमारे शंभर शिपायांची तुकडी जवळजवळ नामशेष झाली. तापीचे उगमस्थान असलेले मुलताई काही काळ अरबांच्या हाती गेले. इंग्रजांना पावसाळा संपेपर्यंत थांबणे भाग पडले, कारण देनवेच्या दऱ्या आणि तेथला हिवताप हे दोन पहारेकरी कोणत्याही फौजेपेक्षा समर्थ होते. हिवाळ्यात कर्नल ॲडम्स याने चहूकडून वाटा रोखीत आणल्या. फेब्रुवारी १८१९ च्या आरंभी अप्पासाहेब चितूसह निसटून असीरगडाकडे गेले. चितूचा शेवट त्याच जंगलात वाघाच्या तोंडी झाला. असीरगडचा किल्लेदार जसवंतराव लाड याच्यावर अप्पासाहेबांना थारा दिल्याचा आरोप आला आणि वेढा पडून ९ एप्रिल १८१९ रोजी तो किल्ला इंग्रजांनी घेतला. परंतु ज्याच्यासाठी हे सारे घडले तो मनुष्य तोवर फकिराच्या वेषात उत्तरेकडे निघून गेला होता.

येथून हा इतिहास आपल्या सध्याच्या वास्तव्याच्या मुलखात येतो. चंडीगडच्या सेक्टर ३२ मध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना पाऊस उघडल्यानंतरच्या स्वच्छ दिवशी ईशान्येकडे शिवालिकाची निळी रेघ दिसते. शिवालिकातही वालुकाश्म आहे, मात्र वयाने महादेवाच्या डोंगरापुढे अगदीच कोवळा. या रांगेच्या पलीकडे आणि पश्चिमेकडे जो मुलूख पसरला आहे, त्यात अप्पासाहेब भोसले यांनी आपल्या आयुष्याची जवळजवळ दहा वर्षे काढली, ही गोष्ट येथल्या मराठी माणसांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

१८२० मध्ये ते अमृतसरला पोचले. त्यांच्यापाशी द्रव्य होते आणि महाराजा रणजितसिंगांनी आपल्या बाजूने उभे राहावे अशी त्यांची आशा होती. परंतु रणजितसिंगांचा इंग्रजांशी १८०९ मध्ये अमृतसरलाच तह झाला होता आणि तो मोडण्याची त्यांची इच्छा नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी यशवंतराव होळकरही असाच मदतीच्या आशेने पंजाबात आला होता व रिकाम्या हाती परतला होता. अप्पासाहेबांनाही राज्य सोडून जाण्याची आज्ञा झाली. मग ते कांगड्याच्या कटोच राजाकडे, संसारचंदाकडे, गेले. तेथे काबूलच्या पदच्युत शहा जमानचा पुत्र हैदर याच्याशी त्यांनी एक विलक्षण मसलत केली. दिल्लीपासून कन्याकुमारीपर्यंतचे साम्राज्य दुराणी राजपुत्राने घ्यावे, वजिरी भोसल्यांनी करावी, आणि दक्षिण त्यांच्याकडे मांडलिक म्हणून राहावी, अशी ही योजना होती! दोन निर्वासितांनी परक्याच्या अंगणात बसून वाटून घेतलेले हे साम्राज्य पाहून हसू येते, आणि लगोलग मन उदासही होते. बातमी फुटताच संसारचंदाने पाहुण्यास निरोप दिला. १८२२ मध्ये अप्पासाहेब मंडीस गेले. १८२८ च्या सुमारास पुन्हा अमृतसरला दिसले. आणि १८२९ मध्ये जोधपूरला पोचून त्यांनी महामंदिर या नाथपंथीयांच्या देवस्थानात शरण घेतली. इंग्रजांनी त्यांना मागितले. राजा मानसिंगाने शरणागतास सोपविण्याचे नाकारले, आणि शेवटी केवळ नजरकैदेच्या हमीवर सरकारला समाधान मानावे लागले. १८४० मध्ये तेथेच अप्पासाहेब वारले. तोवर नागपुरातही त्यांची आठवण फारशी उरली नव्हती.

या प्रवासाचा नकाशा समोर मांडला असता एक गोष्ट स्पष्ट दिसते. अप्पासाहेबांस अनेकांनी थारा दिला, परंतु प्रत्येकाची मर्यादा निराळी होती. रणजितसिंगांपुढे राज्याचे हित होते, आणि राजा म्हणून त्यांनी ते पाहिले यात दोष नाही. संसारचंदाने आतिथ्य केले, पण संकट दारात येईपर्यंतच. मानसिंगाने वचन पाळले. पण त्याच्यापाशी एक मोठे राज्य, एक किल्ला आणि राजपुतांचा शतकांचा लौकिक होता. महादेवाच्या डोंगरातील ठाकुरांपाशी यांतले काहीही नव्हते. त्यांना नागपूरच्या गादीपासून मिळालेले उपकारही मोठे नव्हते. किंबहुना देवगडच्या गोंड राजांचे राज्य भोसल्यांनीच अठराव्या शतकात गिळले होते. ज्या घराण्याने आपल्या जातभाईंचे सिंहासन घेतले, त्याच घराण्याचा वंशज संकटात दाराशी आला तेव्हा डोंगराने त्याला आत घेतले. नागपूरच्या भोसल्यांच्या इतिहासातील हा सर्वांत उदात्त प्रसंग आम्हांस वाटतो. आणि त्याचा नायक भोसला नाही.

या आश्रयाची किंमत एकदाच द्यावी लागली असे नाही. चाळीस वर्षांनी हाच प्रसंग पुन्हा आला. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून याच डोंगरांतून मुलताईच्या दिशेने गेले. त्या वेळी मोहनसिंगाच्या वंशातला भभूतसिंग त्यांच्या साह्यास उभा राहिला. तात्या पुढे निघून गेले. भभूतसिंग मागे राहिला. तो पुढे पकडला जाऊन फाशी गेला व त्याची जहागीर जप्त झाली. जप्तीत आलेल्या बोरीच्या जंगलास १८६५ मध्ये राखीव जंगलाचा दर्जा मिळाला. हिंदुस्थानातील राखीव जंगलांच्या इतिहासाचा आरंभ बोरीपासून सांगण्याची प्रथा आहे. सागाच्या त्या सुंदर रानाची स्तुती करताना ते सरकारच्या ताब्यात कसे आले, हे सांगण्याची प्रथा मात्र फार दिवस नव्हती. २०२५ मध्ये मध्यप्रदेश शासनाने पचमढीच्या अभयारण्यास राजा भभूतसिंगाचे नाव देण्याचे ठरविले. त्याने हे ऋण थोडे तरी मान्य झाले.

जंगल राखीव झाले त्याच सुमारास पठारही साहेबांच्या नजरेत भरले होते. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याने १८६२ मध्ये पचमढीस 'बायसन लॉज' नावाचा बंगला बांधला. मध्यप्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, त्याच्या प्रोत्साहनाने हे घडले. फॉर्सिथचे मध्य हिंदुस्थानच्या उंच प्रदेशाविषयीचे पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून हा मुलूख शिकारी, पर्यटक व शास्त्रज्ञ यांच्या नकाशावर आला. १९३० नंतरच्या दशकात येथल्या गुहांतील रंगीत चित्रांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. शिकारी, मध गोळा करणारे, वाद्ये वाजविणारे लोक त्या खडकांवर पांढऱ्या व तांबड्या रंगांत उमटले आहेत. या डोंगरात माणसे आश्रयास येत होती ती अप्पासाहेबांच्या कित्येक सहस्र वर्षे आधीपासून, याची ती साक्ष होय.

पुढे पचमढी मध्यप्रांताची उन्हाळी राजधानी झाली. नागपूरचा उन्हाळा असह्य होऊ लागला की सचिवालयाची दप्तरे पेट्यांत भरून पिपरियाच्या स्टेशनवर उतरत आणि घाट चढून वर येत. त्या दप्तरांबरोबर मराठी कारकून, हेडक्लार्क आणि अधिकारीही येत. मराठी व हिंदी अशा दोन भाषांच्या त्या प्रांताचे राजकारणही या थंड हवेत तापत असे. मे १९३८ मध्ये मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे आणि त्यांचे हिंदी भागातील सहकारी मंत्री यांच्यातील कलह मिटविण्यासाठी काँग्रेसचे श्रेष्ठी पचमढीस जमले व समेट घडला. तो दोन महिनेही टिकला नाही, जुलैत डॉ. खरे यांना पद सोडावे लागले. एका प्रांतात दोन भाषा सुखाने नांदाव्यात कशा, हा प्रश्न पचमढीच्या टेबलावर सुटला नाही.

तो सुटला, किंवा निदान कायद्याने निकालात निघाला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पचमढी नव्या मध्यप्रदेशात राहिली. सौसर, पांढुर्णा ही मराठी बोलणारी गावेही त्याच बाजूस राहिली. नागपूरकरांची उन्हाळी राजधानी एका रात्रीत परराज्यात गेली. बरोबर दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६६ रोजी, पंजाबचीही भाषेच्या पायावर वाटणी झाली आणि चंडीगड केंद्रशासित होऊन दोन राज्यांची राजधानी बनले. सरकारी नोकरीतल्या माणसास या तारखांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. सीमा सरकली की सेवापुस्तिका बदलते, वरिष्ठ बदलतात, कधीकधी मुलांची शाळा आणि तिची भाषाही बदलते.

पण ज्यांच्यापाशी सेवापुस्तिका नव्हती त्यांनी या तारखेची दखल घेतली नाही. १९५७ च्या महाशिवरात्रीस वऱ्हाडातला शेतकरी त्रिशूळ घेऊन निघाला तो पूर्वीच्याच वाटेने. देव परराज्यात गेला आहे असे त्याच्या मनातही आले नसावे. आजही ती यात्रा चालू आहे. पुनर्रचनेचा कायदा मुलूख वाटू शकतो, पायवाट वाटू शकत नाही.

या साऱ्या इतिहासातून आम्ही कोणता बोध घ्यावा? मराठ्यांचा इतिहास आपण बहुधा गडकोटांचा इतिहास म्हणून वाचतो. काळ्या कातळाचे माथे, त्यावरचे झेंडे, जिंकलेले आणि गमावलेले तट. तो अभिमान योग्यच आहे. पण महादेवाच्या गोल माथ्यांवर कोणाचाही झेंडा लागलेला नाही. तेथे मराठे गेले ते जिंकावयास नव्हे, तर कधी हरलेले म्हणून आणि कधी नवस बोललेले म्हणून. दोन्ही वेळा दार दुसऱ्याचे होते आणि ते उघडे होते. मराठी माणूस परमुलखात केवळ कर्तृत्वाने टिकला असे आपण म्हणतो तेव्हा या उघड्या दारांचा हिशेब आपण विसरतो.

आम्ही घराबाहेर पडलेली माणसे आहोत. बदलीच्या हुकमाने आलो, निवृत्तीच्या हुकमाने बहुधा जाऊ. या मुलखाने आम्हांस घर दिले, शेजार दिला, मुलांना आणखी एक भाषा दिली. आपण येथे कोणती कामगिरी केली हे सांगणारे कागद कार्यालयात राहतील. परंतु आपणांस येथे कोणी सामावून घेतले, त्यांची नावे टिपून ठेवण्याचे काम कोणतेही कार्यालय करणार नाही. ते आपणच केले पाहिजे. मोहनसिंग, चैनशहा आणि भभूतसिंग ही नावे मराठ्यांच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहिणे हा त्या कामाचा आरंभ होईल.